उजव्या गालावरचा डाग

अण्णांची दाढी करून झाली की मी त्यांचं तोंड ओल्या टॉवेलनं पुसायचे आणि तसंच उठवून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत नेऊन बसवायचे. त्या दिवशीही बसवलं. पडद्यावर त्यांचाच फोटो मोठा करून ठेवला होता.

"ओळखा बघू, कोण आहे?" मी विचारलं.

अण्णांनी मान पुढं काढली. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळून दबक्या आवाजात म्हणाले, "कोण पाव्हणं हाईत? च्या ठेवलास का?"

मला हसूच फुटलं. म्हटलं, अहो, पाव्हणं कुठले, तुम्हीच की. गालावरचा डाग काढला मी. सहा दिवस खपत होते त्याच्यावर. अण्णांनी स्वतःच्या गालाला हात लावला, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "हाय की हितं."

"फोटोतला काढला, अण्णा."

"मग ते पाव्हणंच," म्हणाले आणि खुर्चीतनं उठले.

मी थोडी हिरमुसलेच. मला वाटलं होतं, खूश होतील. त्या डागापायी माणसानं पंचवीस वर्षं आपणहून फोटो काढून घेतला नव्हता. अण्णा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. मी चौथीत असताना घाटात इंजिन तापलं, यांनी घाईनं रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी गालावर आलं. भाकरीवर पडतो तसा पसरट डाग राहिला आणि त्याच्या खालच्या टोकापासून एक फराटा जबड्यापर्यंत. तेव्हापासून कॅमेरा दिसला की अण्णा उठून जायचे. अंकुशच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये ते एकाच फोटोत आहेत आणि तोही पाठमोरा. पडद्यावरचा हा एकच फोटो अंकुशनं दिवाळीत काढला होता. डोकं विसरायला लागल्यावर अण्णा डाग लपवायचंही विसरले, म्हणून तो निघाला. अंकुशच्या फोनमधनं केबलनं माझ्या कॉम्प्युटरवर घेतला, पुढं तो फोन बिघडला आणि त्यातलं सगळं गेलं. म्हणजे जगात अण्णांचा धड फोटो तेवढा एक.

मी तेव्हा चौतीस वर्षांची. नवऱ्याचं घर सोडून विट्याला माहेरी आले होते. आई गेलेली, अंकुश पुण्याकडं कंपनीत. अण्णांना एकटं सोडता येत नव्हतं, म्हणजे मला बाहेर नोकरी करता येत नव्हती. मग अंकुशनंच एक जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि म्हणाला, ताई, घरी बसून फोटोंचं काम शिक, लग्नाचे अल्बम करणाऱ्यांना माणसं लागतात. क्लास लावायला बाहेर पडणार कशी? म्हणून व्हिडिओ बघून शिकायला लागले.

शिकवणारा एक हिंदी बोलणारा माणूस होता. त्याचं तोंड कधी दिसायचं नाही, नुसता आवाज आणि पडद्यावर फिरणारा बाण. मी त्याला मास्तर म्हणायचे. स्वयंपाक करतानाही मास्तर चालूच. मागचं आकाश कसं बदलायचं, मिटलेले डोळे कसे उघडायचे, आजूबाजूची चांगली कातडी उचलून मुरमावर कशी बसवायची, सगळं मास्तरांनी शिकवलं. एकच होतं, मास्तरांना बडबड फार. पहिली दोन-तीन मिनिटं चॅनल सबस्क्राइब करा, घंटी दाबा, हेच चालायचं. मला कुठला एवढा धीर? मी सुरुवातीचं सगळं बोटानं पुढं सरकवायचे आणि थेट कामाच्या जागी यायचे.

त्या पुढं सरकवलेल्या मिनिटांत मास्तर दर वेळी एक गोष्ट सांगत होते. मूळ फोटोला हात लावायचा नाही, आधी त्याची एक प्रत करून बाजूला ठेवायची आणि काम प्रतीवर करायचं. हे मला फार उशिरा कळलं.

मी अण्णांचा डाग काढला आणि आहे त्याच फोटोवर सेव्ह केलं.

एप्रिलची तेरा तारीख होती. दुपारी अण्णा जेवून बाहेरच्या सोप्यात पडले होते. मी हेडफोन घालून केसांचा धडा बघत होते. नवरीचे मोकळे केस मागच्या भिंतीपासून एकेक सुटे कसे काढायचे याचा तो धडा. चाळीस मिनिटांचा होता आणि अवघड होता. मी तीन वेळा मागं नेऊन बघितला. हेडफोन काढून उठले तर सोप्यात गोधडी होती, अण्णा नव्हते. दाराची कडी मी लावली होती असं मला वाटत होतं. लावली नव्हती.

गल्ली, स्टँड, डेअरी, ओढा, सगळं पालथं घातलं. डेअरीपाशी एकानं सांगितलं की एका टँकरला हात करत उभे होते. कुठल्या ते त्याला माहीत नव्हतं. टँकर दिसला की अण्णांना वाटायचं आपली ड्यूटी लागली.

संध्याकाळपर्यंत अंकुश आला. पोलिसांनी फोटो मागितला. एसटीच्या पासवरचा होता, तो डाग पडायच्या आधीचा, मिशावाला, तरणाताठा. आधारवरचा इतका काळपट की डाग कुठला आणि सावली कुठली ते कळत नव्हतं. अंकुश म्हणाला, "ताई, दिवाळीचा आहे की तुझ्याकडं. तो काढ."

काढला. पडद्यावर ते पाव्हणं आले. गोरे, गुळगुळीत, दोन्ही गाल साफ.

अंकुश बघतच राहिला. "ह्यात डाग कुठं गेला?"

मूळ फोटो शोधायला लागले. सगळे कप्पे उघडले, टाकलेलं उचकटलं. कुठंच नव्हता. शेवटी अंकुशला सांगितलं की डाग मी काढलाय, पण परत घालते, अर्ध्या तासाचं काम आहे. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "घाल. पण नीट घाल. डागावरनंच ओळखतील लोक."

मी घातला. चार महिन्यांत जे काही शिकले होते ते सगळं त्या अर्ध्या तासात पणाला लावलं. कडा पुसट केल्या, मधला रंग गडद, कातडीला सुरकुती दिली, खालचा फराटा जबड्यापर्यंत ओढला. खोटं कशाला बोलू, काम जमतंय हे बघून आत कुठंतरी बरं वाटत होतं. झाल्यावर अंकुशला हाक मारली.

"बरोबर आलाय?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? मी वर्षातनं दोनदा येणार. तुझ्या रोज डोळ्यासमोर माणूस."

ते खरंच होतं. मी रोज त्यांची दाढी करायचे. मजकूर मीच लिहिला. रंगराव ज्ञानू पिसाळ, वय एकोणसत्तर, अंगात पांढरा सदरा, लेंगा, उजव्या गालावर भाजल्याचा मोठा डाग. पोलिसांच्या अर्जातही तेच लिहून दिलं. आमच्या गल्लीत पत्रक घरोघर दिलं. सगळ्यांनी हळहळून बघितलं, कुणी काही म्हणालं नाही. ओळखीचा चेहरा कोण निरखून बघतं?

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगत बसत नाही. अंकुश सुट्टी काढून यायचा आणि आम्ही जीपनं फिरायचो. मिरज, पंढरपूर, अकलूज, बार्शी. स्टँड, देवळं, दवाखाने. पत्रक लावायचं, विचारायचं, पुढं जायचं. मी मास्तरांना हात लावला नाही. कॉम्प्युटर झाकून ठेवला होता. घरात अण्णांच्या दाढीचं आरशासमोरचं स्टूल तेवढं तसंच होतं, ते उचलायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये आम्ही सोलापूरच्या अलीकडं एका जागी गेलो. रस्त्यावर सापडलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी जागा होती ती. दोन लांब खोल्या, मधे अंगण, अंगणात वाळत घातलेली धोतरं. अंकुश समोरच्या पोलीस चौकीत विचारायला गेला आणि मी आत गेले. तिथं कामाला मालनबाई म्हणून एक बाई होत्या, पन्नाशीच्या. पत्रक पुढं केलं तर त्या म्हणाल्या, "ह्यो कागद हाय की आमच्याकडं." भिंतीकडं बोट केलं. खरंच होता. पिवळा पडलेला, एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटलेली.

"गेल्या जूनमधी आला," मालनबाई म्हणाल्या. "आन तुमास्नी सांगते, तवा असंच एक बाबा हुतं आमच्यात. डिट्टो असंच. मी कागद काढून त्यांच्या तोंडाजवळ धरला. नाक त्येच, कान त्येच. तुमचा नंबरबी लावला हुता अर्धा. मग ध्यानात आलं, ह्या बाबाचा डाग ह्या अंगाला हाय आन कागदातला त्या अंगाला. म्हनलं, उगं कशाला कुनाच्या जिवाला घोर. लांबनं पळत येत्याल आन मानूस दुसराच निघंल. फोन ठिवून दिला."

असं म्हणताना त्यांनी आपल्या डाव्या गालावर हात ठेवला होता.

"आमच्या अण्णांचा उजव्या गालावर," मी म्हटलं.

"त्येच की. म्हनून तर."

मी त्यांना विचारलं, ते बाबा आता कुठं आहेत. त्या म्हणाल्या, गेले. जानेवारीत. छाती भरली होती. नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही, गावही नाही. कुणाचा त्रास मात्र नव्हता. नुसते बसून असायचे. मला का कोण जाणे, तिथनं हलवेना. मी उभीच राहिले. मालनबाईंना वाटलं असेल, बाई थकलीय. त्यांनी पाणी दिलं आणि आपल्याच नादात बोलत राहिल्या.

"लई गुनाचं बाबा. दाढी करताना बाकीचे म्हातारे धरू देत न्हाईत. ह्ये मातूर मागं डोकं टेकवायचे, हितं, माझ्या पोटावर. आन डोळे उघडे ठिवून पुढं बघत बसायचे. पुढं काय, नुसती भिंत."

भांडं माझ्या हातातच होतं. ते मी खाली ठेवलं, एवढं मला आठवतं.

अण्णांची दाढी समोर उभं राहून करता यायची नाही. रेझर दिसला की घाबरून मनगट धरायचे. म्हणून मी त्यांना मोरीबाहेरच्या आरशासमोर स्टुलावर बसवायचे आणि मागं उभी राहायचे. ते डोकं माझ्या पोटावर टेकवायचे, आरशात स्वतःकडं बघत गप्प बसायचे आणि मीही आरशात बघूनच रेझर फिरवायचे. अडीच वर्षं, रोज सकाळी. अण्णांचा चेहरा म्हटला की मला तो आरशातलाच दिसतो. डागाच्या कडेनं हलक्या हातानं रेझर फिरवणारी मी आणि आरशातले ते. आणि आरशात सगळं उलट दिसतं हे काय शाळेतल्या पोरालाही कळतं. फोटोवर सहा दिवस खपले होते, पण तेव्हा नुसती कातडी मोठी करून बघत होते, गाल कुठला ते नाही. मला त्या अर्ध्या तासात ते आठवलं नाही.

"फोटो आहे का त्यांचा?" मी विचारलं.

"हाय. नेऊन जाळायच्या आधी काढून ठिवावा लागतो, कागदाला." मालनबाईंनी कपाटातनं एक वही काढली. पानाला चिकटवलेला फोटो होता. खाली नाव नव्हतं, नुसता आकडा.

अण्णा. डोळे मिटलेले. दाढी स्वच्छ केलेली. डाव्या गालावर पसरट डाग आणि खालच्या टोकापासून जबड्यापर्यंत फराटा. मी घातला होता तसाच अगदी. एवढा हुबेहूब घातला होता मी.

जून ते जानेवारी. सात महिने तो कागद त्या भिंतीवर होता आणि अण्णा त्याच्या खाली बसून होते. विट्यापासून तीन तासांच्या वाटेवर. मी डाग घातलाच नसता आणि मजकुरात नुसतं गालावर डाग एवढंच लिहिलं असतं, तरी मालनबाईंनी फोन केला असता. मी नीट घातला, म्हणून त्यांनी नंबर अर्ध्यात सोडला.

तेवढ्यात अंगणात अंकुशच्या चपला वाजल्या. तो दारात येऊन उभा राहिला. उन्हानं तोंड लाल झालेलं, काखेत पत्रकांचा गठ्ठा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्या वहीकडं.

"काय गं ताई? कोण आहे?"

तेव्हा मला सांगता आलं असतं. आजवर मी हजार वेळा ते मनात सांगितलंय. अंकुश, हे अण्णा आहेत. पण त्यानं पुढं विचारलं असतं, मग यांनी कळवलं का नाही? मालनबाईंनी सरळ सांगितलं असतं, डाग दुसऱ्या गालाला होता. आणि मग त्यानं माझ्याकडं बघितलं असतं. ते बघणं मला सहन झालं नसतं. बाकी काही कारण नाही. भावाला धक्का बसेल वगैरे मी पुढं स्वतःला सांगत आले, पण त्या घटकेला मी फक्त भ्याले होते.

"नाही," मी म्हटलं. "दुसरेच कुणीतरी होते. यांचा डाग डाव्या गालाला."

मी वही मिटली. मालनबाईंनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ, सांगता येत नाही. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे मला आजही माहीत नाही. वही घेऊन त्या कपाटाकडं वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नवा कागद द्या एक. जुना फाटलाय. लावते."

अंकुशनं दिला. त्यांनी तो जुन्याच्या जागी लावला.

परत येताना मोहोळ मागं पडल्यावर अंकुश म्हणाला, "मेलेल्या माणसाचा फोटो बघावा लागला तुला. पण बरं झालं ताई. ते नव्हेत, म्हणजे आहेत कुठंतरी." मी खिडकीबाहेर बघत होते. हं म्हटलं.

त्याला आता दहा वर्षं झाली. मी परत कॉम्प्युटर उघडला. उघडावाच लागला, पोट होतं. आता गावातली बरीच कामं माझ्याकडंच येतात. लोक गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन येतात, लग्नाच्या घोळक्यातनं एकटा काढून द्या, कपाळाला कुंकू लावून द्या, डोळे उघडून द्या म्हणतात. मी मास्तरांचे धडे आता पहिल्या मिनिटापासून ऐकते. कुठलाही फोटो आला की आधी एक प्रत करून बाजूला ठेवते.

घरात अण्णांच्या फोटोला हार नाही. त्यांचं दहावं झालं नाही, तेरावं झालं नाही. पितृपंधरवड्यात अंकुश बायको-पोरांना घेऊन विट्याला येतो आणि आईच्या नावानं पान ठेवतो. एकच पान. जित्या माणसाचं पान ठेवत नाहीत. मी वाढते, तो ते पान कावळ्याला ठेवतो आणि मी दारात उभी राहते. दर वर्षी ठरवते, औंदा सांगायचं. दर वर्षी कावळा शिवतो, आम्ही जेवायला बसतो आणि पंगतीत अण्णांच्या आठवणी निघतात, ते अजून कुठंतरी बसलेत अशा.

तो दर वर्षी नवी पत्रकंही काढतो. यंदाही आला. माझ्या मागं खुर्ची ओढून बसला. त्याचेही केस आता पांढरे व्हायला लागलेत.

"आता ऐंशीचे असतील," म्हणाला. "जरा म्हातारे कर. गाल आत घे. केस सगळे पांढरे."

मी प्रत काढली आणि कामाला लागले. गाल आत घेतले, डोळ्यांखाली कातडी सैल केली, भुवया पिकवल्या. माणूस म्हातारा कसा करायचा याचाही धडा आहे मास्तरांचा, चांगला आहे. अंकुश मागनं सांगत होता, मी करत होते. अण्णा माझ्यासमोर हळूहळू त्या वयाचे झाले, जे वय त्यांना आलंच नाही.

मग मी उजवा गाल साफ केला आणि डाग उचलून डाव्या गालावर ठेवला. कडा पुसट केल्या. फराटा जबड्यापर्यंत ओढला. खालच्या मजकुरात उजव्याचं डाव्या केलं. हे सगळं अंकुशच्या डोळ्यांदेखत केलं. वाटलं, आता विचारेल. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, एवढं तरी मला वाटतं.

तो पुढं वाकला. चष्मा वर करून पडद्याकडं बघितलं.

"डाग बरोबर आलाय ना गं?"

"आता बरोबर आलाय," मी म्हटलं.

"मग काढ दोनशे," म्हणाला आणि चहा सांगायला उठला.